सीपी/एमच्या फ्लॉपीचा नकाशा कुठे मिळतो?

महिन्या-दोन महिन्यांनी एक फोन येतोच. माळ्यावर फ्लॉप्या सापडलेल्या असतात, त्या 'सीपी/एम'च्या, म्हणजे डॉसच्याही आधीच्या एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या, आहेत असं कुणीतरी सांगितलेलं असतं. बोलणारा बहुतेक वेळा मालकाचा मुलगा नाहीतर मुलगी, स्वतः सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे आवाजात भरपूर आत्मविश्वास. "काका, सीपी/एमच्या डिस्क फॉरमॅटचं अधिकृत डॉक्युमेंट कुठे मिळेल? तेवढं द्या, वाचायचा प्रोग्रॅम मी लिहितो."

डॉक्युमेंट आहे. सीपी/एम विकणाऱ्या डिजिटल रिसर्च कंपनीच्या मॅन्युअलांचे स्कॅन बिटसेव्हर्स या जुन्या कम्प्युटरांच्या कागदपत्रांच्या ऑनलाइन संग्रहात ठेवलेले आहेत, त्यातलं २.२ आवृत्तीचं 'ऑल्टरेशन गाइड' काढावं. सोर्स कोडसुद्धा मिळतो, सुरुवातीच्या काही आवृत्त्या कॅलिफोर्नियातल्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियमने २०१४ साली खुल्या केल्या. पण हे सगळं वाचून संपवलंत तरी तुमच्या हातातली फ्लॉपी उघडेलच असं नाही. सीपी/एमचा फॉरमॅट विचारणं म्हणजे आमटी कशी करतात असं विचारण्यासारखं आहे. कुणाच्या घरची, ते आधी सांगा.

गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये सीपी/एम लिहिलं, इंटेलच्या ८०८० साठी. पुढे इम्सायसारखे मशीनवाले ते मागायला लागले तेव्हा प्रत्येकाच्या हार्डवेअरप्रमाणे आख्खी सिस्टीम उसवत बसण्यापेक्षा त्यांनी यंत्राशी बोलणारा भाग वेगळा काढला. तोच बायॉस. फ्लॉपीवरच्या प्रत्येक वर्तुळाला ट्रॅक म्हणतात आणि ट्रॅकच्या प्रत्येक तुकड्याला सेक्टर. बायॉस मशीन बनवणाऱ्याने लिहायचा, आणि एका ट्रॅकवर किती सेक्टर, सेक्टर केवढा, सुरुवातीचे किती ट्रॅक सिस्टीमसाठी राखून ठेवायचे हे त्यानेच ठरवायचं. आठ इंची फ्लॉपीपुरती आयबीएमची एक सर्वमान्य मांडणी होती: ७७ ट्रॅक, प्रत्येकी २६ सेक्टर, सेक्टरला १२८ बाइट. सव्वापाच इंची फ्लॉपी आली आणि ज्याने त्याने आपापली चूल मांडली. ऑस्बोर्न १ मध्ये ट्रॅकला २५६ बाइटचे १० सेक्टर, तर कायप्रो २ मध्ये ५१२ चे १०. दोन्ही सीपी/एम २.२ च, पण एकाची फ्लॉपी दुसऱ्यात घातली तर आपणहून वाचली जाईल ही आशा सोडायची.

मॅन्युअलमध्ये मिळतं ते व्याकरण. डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद ३२ बाइटची. पहिल्या बाइटमध्ये युजर नंबर, मग आठ अक्षरं नाव, तीन अक्षरं प्रकार, पुढे चार बाइट हिशेबाचे आणि शेवटचे १६ बाइट म्हणजे फाइल ज्या ब्लॉकांत (सीपी/एम जागा वाटतं त्या ठरावीक मापाच्या तुकड्यांत) पसरली आहे त्यांचे आकडे. फाइल खोडली की फक्त पहिला बाइट बदलून ई५ होतो (हा हेक्समधला, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेला आकडा), बाकी सगळं जागच्या जागी राहतं. ई५च का? आयबीएमच्या मांडणीच्या कोऱ्या फ्लॉप्या कारखान्यातूनच ई५ भरून यायच्या, म्हणून नवी फ्लॉपी घातली की सीपी/एमला ती आपोआप रिकामी दिसायची. ही खूण पुढे डॉसनेही उचलली.

याच ई५ने मला एकदा चांगलंच तोंडघशी पाडलं. कोल्हापूरच्या एका दिवंगत प्राध्यापकांच्या नऊ फ्लॉप्या त्यांची मुलगी स्टीलच्या डब्यातून घेऊन आली होती. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पीएचडी करताना त्यांनी थीसिस कम्प्युटरवर लिहिला होता. मशीन कधीच गेलेलं, त्याचं नाव घरात कुणाला आठवत नव्हतं. जुना ड्राइव्ह जोडून मी कच्चे सेक्टर उतरवून घेतले आणि हेक्समध्ये बघितलं तर जिथे तिथे ई५. मी तिला फोन करून सांगितलं, "ताई, यातलं निम्मं खोडलेलं दिसतंय." ती बराच वेळ काही बोलली नाही.

रात्री जेवताना डोक्यात आलं की वर्डस्टार, म्हणजे त्या काळचा लिखाणाचा प्रोग्रॅम, प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षराच्या बाइटमधला सगळ्यात वरचा बिट चढवून ठेवतो. इंग्रजी छोट्या लिपीतल्या 'ई'चा हेक्समधला आकडा ६५. वरचा बिट चढला की तो होतो ई५! मी ज्यांना खोडलेल्या नोंदी समजत होतो ते 'ई'ने संपणारे शब्द होते, आणि इंग्रजीत 'द' हा शब्दच किती वेळा येतो. लगेच तिला परत फोन केला. साडेदहा वाजले होते, पण ती जागी होती.

तर व्याकरण माहीत असून भागत नाही. मग नकाशा शोधायचा कुठे?

मशीन जिवंत असेल तर त्यालाच विचारा. 'स्टॅट डीएसके:' असा हुकूम दिला की ट्रॅकला किती सेक्टर, राखीव ट्रॅक किती, डिरेक्टरीत नोंदींना जागा किती, हे ते स्वतःच छापून देतं. याच्याइतकं अधिकृत डॉक्युमेंट मी तरी पाहिलेलं नाही. मशीन नसेल आणि फ्लॉपी सिस्टीम भरलेली असेल, तर राखीव ट्रॅकवर बायॉस असतो आणि अनेकदा त्यात याच आकड्यांचा १५ बाइटचा तक्ता सापडतो. आठ इंचीचा तर मला पाठ आहे, १ए ०० ०३ ०७ ०० एफ२ असा सुरू होतो. १ए म्हणजे २६ सेक्टर, एफ२ म्हणजे शेवटच्या ब्लॉकचा आकडा २४२.

प्राध्यापकांच्या फ्लॉप्या नुसत्या डेटाच्या निघाल्या. राखीव ट्रॅक कोरा. म्हणजे हाताने शोधणं आलं. दर ३२ बाइटला वाचता येणारं नाव कुठे दिसतं ते बघायचं, तीच डिरेक्टरी. ती दुसऱ्या ट्रॅकच्या तोंडाशी सापडली. पहिल्या फाइलचे ब्लॉक २, ३, ४ असे होते, म्हणजे ० आणि १ डिरेक्टरीने घेतलेले. मग वाक्यं लावून बघायची. सेक्टरच्या शेवटी अर्धा तुटलेला शब्द पुढच्या सेक्टरमध्ये पुरा होतो का? आठ इंचीवर सहसा होत नाही. तिथे १ नंतर ७, मग १३, १९, २५, ५ असे सेक्टर वापरले जातात, कारण एक सेक्टर वाचून पुढचा मागेपर्यंत शेजारचा ड्राइव्हच्या वाचणाऱ्या डोक्याखालून निघून गेलेला असतो. इथे मात्र शब्द सरळ जुळत गेले. तीन संध्याकाळी मोडल्या आणि वहीत आकडे उतरले: ४० ट्रॅक, ५१२ बाइटचे १० सेक्टर, १ राखीव ट्रॅक, १ केबीचा ब्लॉक.

छापलेली प्रकरणं घ्यायला ती आली तेव्हा चौथं प्रकरण दोनदा पाहून तिने विचारलं, यातलं आधीचं कुठलं? ते सांगता आलं. वर्डस्टार जुनी प्रत 'बॅक' नावाने बाजूला ठेवतो. पण कधीचं, ते नाही. त्या ३२ बाइटमध्ये २.२ने तारखेला जागाच ठेवलेली नाही. मी तिला नोंद उघडून दाखवली, एकेक बाइट.

तिने तिथूनच आईला फोन लावला. फ्लॉप्या मुळात एका पुठ्ठ्याच्या खोक्यात होत्या. खोक्याला बुरशी लागली म्हणून हिने ते कोल्हापुरात ठेवून फ्लॉप्या डब्यात भरल्या होत्या. आईंनी झाकणाचा फोटो पाठवला. निळ्या शाईत, बारीक अक्षरात: कायप्रो २, थीसिस, मे ८४.

सीपीएमटूल्स नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात निरनिराळ्या मशीनांच्या मांडण्या आधीच लिहून ठेवलेल्या आहेत. कायप्रो २ च्या सात-आठ ओळी. मी वही उघडून ताडून बघितलं, सगळे आकडे जुळले. ती हसत होती, आणि मीही हसलो, जरा उशिरा.

तेव्हापासून असा फोन आला की डॉक्युमेंटचं मी नंतर सांगतो. आधी विचारतो, खोकं टाकलंत का?