पबात माळकरी

इंग्लंडमध्ये आल्यावर पहिली दीड-दोन वर्षं मी खेड्यातल्या एकाही पबमध्ये पाय ठेवला नव्हता. राहते शेफिल्डला, पीक डिस्ट्रिक्ट अगदी उंबऱ्याशी, ईडेल गावाची ट्रेन पकडली की अर्ध्या-पाऊण तासात डोंगरात. दर दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघं तिकडं चालायला जायचो आणि पिशवीतून पराठे काढून चर्चच्या भिंतीला टेकून खायचो, पावसात सुद्धा. समोरच पब असायचा, चिमणीतून धूर, खिडकीत दिवे, आतून वास येतोय, आणि मी मात्र ओल्या पराठ्याचा तुकडा मोडत बाहेर. कारण काय तर पब म्हणजे बार आणि बार म्हणजे आपल्याकडची परमिट रूम, काळ्या काचा आणि बाहेर पानटपरीवर उभं राहून आत-बाहेर करणारी माणसं. साताऱ्याकडच्या कोरेगावच्या बाईनं अशा ठिकाणी कशाला जायचं, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की नवरा पाचव्यांदा म्हणाला "अगं लहान पोरं घेऊन लोक जातायत आत, कुत्री घेऊन जातायत" तरी मला पटेना.

शेवटी गेले ती पण थंडीनं हात बधिर झाले म्हणून. आणि गेल्यावर काय केलं, तर छानपैकी खिडकीजवळचं टेबल धरून बसलो, मेनूकार्ड वाचलं, आणि वेटरची वाट बघत बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. आमच्या नंतर आलेले खायला पण लागले. मला तर रागच यायला लागला, म्हणलं आपल्याला मुद्दाम विचारत नाहीयेत, रंगाचा प्रश्न आहे हा. वीस-पंचवीस मिनिटांनी शेजारच्या टेबलावरच्या आजी वाकून हळूच म्हणाल्या, बाळा, इथं बारवर जाऊन सांगावं लागतं. हात्तिच्या!

तर इथं येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी हे आधी सांगते. खेड्यातल्या बऱ्याच पबमध्ये टेबलावर विचारायला कुणी येत नाही. आपण आधी टेबल बघायचं, त्याचा नंबर लक्षात ठेवायचा, मग बारपाशी जायचं, जेवण आणि ड्रिंक दोन्ही तिथंच सांगायचं, बहुतेक ठिकाणी पैसे पण आधीच द्यायचे. ड्रिंक स्वतः उचलून आणायचं, जेवण मागून टेबलावर येतं. आता बारपाशी रांग दिसत नाही पण रांग असते! सगळे बारला लागून आडव्या ओळीत उभे असतात आणि आपल्या आधी कोण आलं हे प्रत्येकाला ठाऊक असतं, बारवाल्या पोरीला तर असतंच. आपला चुकून आधी नंबर लागला तर "हे माझ्या आधी आहेत" असं म्हणायचं, एवढ्यानं गावात इज्जत वाढते. चुटकी वाजवायची नाही, नोट हलवायची नाही, नुसतं नजरेला नजर द्यायची. टिपची सक्ती नाही, फार तर जाताना "तुझ्यासाठी पण एक घे" म्हणायचं, मग ती त्या पिण्याचे पैसे बिलात धरते.

आता खायचं. ज्यांना सगळं चालतं त्यांची रविवारी दुपारी चैन असते कारण संडे रोस्ट. बीफ, लँब, पोर्क किंवा चिकन, बरोबर भाजलेले बटाटे, गाजर, कोबी, आणि वर ग्रेव्ही. नवरा खातो, मी बघते. बीफबरोबर हॉर्सरॅडिश म्हणजे एका झणझणीत मुळाचा सॉस, लँबबरोबर पुदिन्याचा सॉस, पोर्कबरोबर सफरचंदाचा सॉस अशा जोड्या लागलेल्या आहेत आणि त्या मोडलेल्या यांना आवडत नाहीत. यॉर्कशायर पुडिंग म्हणून जे येतं ते गोड नसतं हे पहिलं लक्षात घ्या, मैदा-अंडी-दुधाचं पातळ पीठ कडकडीत चरबीत ओतून ओव्हनमध्ये फुगवलेली वाटी असते ती, भोवती कुरकुरीत आणि मध्ये खड्डा, खड्ड्यात ग्रेव्ही. पूर्वी म्हणे हे आधी वाढायचे, पोट निम्मं त्यानंच भरलं की मांस कमी लागतं. आपल्याकडं पाहुण्याला आधी पुऱ्यांचा आग्रह करतात तसलाच प्रकार.

शाकाहारी माणसाची कथा वेगळी. पंधरा वर्षांपूर्वी आलेल्या लोकांच्या तोंडून फक्त "चिप्स खाऊन दिवस काढले" एवढंच ऐकलंय (चिप्स म्हणजे इथं बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी), आता तसं नाही, नट रोस्ट म्हणजे सुकामेव्याची भाजलेली वडी असते, मशरूमचं काहीतरी असतं, हल्ली व्हीगन बर्गर तर सगळीकडे. पण चोरवाटा बऱ्याच आहेत. या भागात चिप्स कधीकधी बीफच्या चरबीत तळतात, ड्रिपिंग म्हणतात तिला, त्यामुळे चिप्स कशात तळता हे विचारायचंच, आणि तेलात म्हणाले तर पुढचा प्रश्न, मासे त्याच तेलात तळता का. भाज्यांवर ओतलेली ग्रेव्ही मांसाची असू शकते. वूस्टर सॉसमध्ये मासा असतो. आणि सगळ्यात मजा म्हणजे हातपंपानं ओढून देतात ती कास्क एल म्हणजे पिंपातली बिअर, ती नितळ करायला पारंपरिक पद्धतीत आयसिंग्लास वापरतात, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. माझा एक मित्र चातुर्मासात मांसमच्छी सोडतो पण बिअर सोडत नाही, त्याला हे सांगितल्यापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही.

प्लाउमन्स लंच माझं आवडतं. ब्रेडचा जाड तुकडा, चीजचा ढेकळाएवढा ठोकळा, लोणच्यातला कांदा, सफरचंद, आंबटगोड चटणी. नाव नांगरणाऱ्याचं. मला वाटायचं शेतकरी शिदोरी बांधून न्यायचा तीच ही. ब्रेड-चीज-बिअर खाणं जुनंच आहे, पण या नावानं ही थाळी घरोघरी माहीत झाली ती 1960 च्या दशकात मिल्क मार्केटिंग बोर्डानं चीज खपवायला केलेल्या जाहिरातींमुळे. तरी प्रत्येक पबमध्ये ती अशा थाटात देतात की जणू औरंगजेबाच्या काळापासून चालत आलीये.

आणि वेळ सांभाळा बाबांनो. दुपारचं किचन बऱ्याच ठिकाणी अडीचला बंद होतं ते एकदम सहाला उघडतं. आम्ही एकदा किंडर स्काउटच्या डोंगरावरून धापा टाकत खाली उतरलो, दोन चाळीस झाले होते, दहा मिनिटांनी जेवण हुकलं. मग काय, क्रिस्प्स, म्हणजे आपले वेफर्स. पण क्रिस्प्स खायची पण रीत आहे, पुडा वरून उघडायचा नाही, बाजूच्या शिवणीवर फाडून पूर्ण सपाट करून टेबलाच्या मध्यावर ठेवायचा, ताटासारखा, मग सगळ्यांनी त्यातून उचलायचं. ज्यानं पहिल्यांदा हे शोधलं तो नक्की एकत्र कुटुंबातला असणार.

बरं, हे सगळं आठवायचं कारण अप्पा.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आई-अप्पा आले होते. अप्पा माळकरी. पस्तीस वर्षं वारी चुकलेली नाही, गळ्यात तुळशीची माळ, जिथं दारू विकतात त्या हॉटेलात पाणी पण पिणार नाही असा माणूस. त्यांना कॅसलटनहून होपपर्यंत ओढ्याकाठच्या वाटेनं चालत नेलं, दीडेक मैल, सगळी सपाट वाट, दोन्ही बाजूला कोकरं. अप्पा दर दहा पावलांना थांबायचे ते कोकरं बघायला नाही, दगडी भिंती बघायला. सिमेंट नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड आणि मैलोन्मैल. "ही ताल कुणी रचली आसंल त्याचं हात बघाय पायजेत," म्हणाले. आणि होप जवळ आलं तसा पाऊस आला, साधा नाही, आडवा. आईला थंडी वाजायला लागली. बसला चाळीस मिनिटं. समोर पब.

मी नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं माझ्याकडं. मी म्हणलं, "अप्पा, ही इथली खानावळ आहे." अप्पांनी वर पाटीकडं बघितलं, इंग्रजी येत नसलं तरी माणूस काय कच्चा नाही. "खानावळ हाय तर त्यो पिंप कशापायी टांगलाय?" एवढं म्हणून "इठ्ठल इठ्ठल" करत आईचा हात धरून आत शिरले.

दाराची चौकट बुटकी. वर तुळईवर लाकडी पाटी, डक ऑर ग्राऊज. ही पाटी इंग्लंडात खूप ठिकाणी असते, डक म्हणजे बदक आणि डक म्हणजे खाली वाक, ग्राऊज म्हणजे इथल्या माळावरचा तित्तिरासारखा पक्षी आणि ग्राऊज म्हणजे कुरकुर, थोडक्यात वाक नाहीतर मग बोंबल. मी हे समजावून सांगेपर्यंत नवऱ्याचं डोकं आपटलं होतं. आणि मी बारवर गेले तर ती बाई म्हणते "व्हॉट कॅन आय गेट यू, डक?" डर्बीशायरमध्ये सगळ्यांना प्रेमानं डक म्हणतात. अप्पांनी विचारलं काय म्हणली, मी म्हणलं बदक म्हणाली. अप्पा गप्प झाले ते थोडा वेळ गप्पच होते.

आत शेकोटी पेटलेली. चिखलाच्या बुटांचं कुणाला काही नाही. आई शेकोटीला हात धरून बसली आणि पाच मिनिटांत तिचं मत बदललं, "चांगलंय की गं, कुणी आरडाओरडा करत नाही." अप्पा खुर्चीच्या अगदी कडेवर, केव्हाही उठता यावं असे. त्यांच्या समोरच्या टेबलावर एक म्हातारबाबा एकटे, पेपरातलं शब्दकोडं सोडवत, शेजारी पाइंटचा ग्लास. पाइंट म्हणजे 568 मिली, आपल्या अर्ध्या लिटरपेक्षा जास्त. अप्पा बघतायत, पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, ग्लास दोन बोटं खाली गेला असेल. शेवटी राहवेना. "ह्यो पितोय का राखण करतोय?"

मेनूत त्यांच्यासाठी काय मिळणार, अंडं नाही, चरबी नाही. चिप्स तेलातल्या होत्या पण माशाच्याच तेलातल्या, बाद. मग जॅकेट पोटॅटो. अख्खा बटाटा सालासकट ओव्हनमध्ये भाजून, मधून चिरून, आत बटर, वर बेक्ड बीन्स. कोलस्लॉ म्हणजे कोबीची कोशिंबीर काढायला सांगितलं, मेयोनीजमध्ये अंडं. ताट आलं. साल खरपूस, कडेला जरा सुरकुतलेलं, चिरलेल्या भागातून वाफ निघतीये आणि बटर खाली उतरून बीन्सच्या लाल रश्शात मिसळतंय. अप्पांनी एक दाणा काट्यावर घेतला, उजेडाला धरला, खाल्ला.

"घेवडा हाय की ह्यो."

आता ज्याला कोरेगाव माहीत आहे त्याला हे वाक्य किती मोठं आहे ते कळेल. आमच्याकडचा वाघ्या घेवडा, म्हणजे राजमाच, जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळालेला माल आहे आणि अप्पांनी उभी हयात तो पिकवलाय. बेक्ड बीन्सचा पांढरा दाणा म्हणजे त्याचाच भाऊबंद. "पर गूळ लई पडलाय. आन् फोडणी दिलेलीच न्हाय." असं म्हणत पूर्ण बटाटा संपवला, साल सकट. वर आईला म्हणतात, "येकादशीला यायला पायजे हुतं, बटाटा चालला आसता."

मग ते शब्दकोडंवाले बाबा बोलायला आले. म्हणजे आधी त्यांचा कुत्रा आला, काळा-पांढरा मेंढरं राखणारा, अप्पांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसला. अप्पांनी न बघता त्याच्या कानामागं खाजवायला सुरुवात केली, घरी मोत्याला करतात तसं. बाबा मेंढपाळ निघाले, चौथी पिढी. मी मध्ये बसून दुभाषी. अप्पांचा पहिला प्रश्न, लोकर काय भावानं जाते. बाबा हसले, म्हणाले कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही, तरी कातरावी लागते नाहीतर उन्हाळ्यात मेंढ्यांना त्रास. मी भाषांतर केलं. अप्पा मान हलवत म्हणाले, "सांग त्यास्नी, आमचा कांदा बी तसाच हाय." त्यानंतर माझी फारशी गरज लागली नाही. बस गेली. पुढची पण गेली.

मध्येच त्या बाबांनी टॅन हिल इनची गोष्ट सांगितली. यॉर्कशायर डेल्समध्ये 1732 फुटांवर आहे तो पब, ब्रिटनमधला सगळ्यात उंच, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये अर्वेन वादळात तिथं साठेक माणसं तीन रात्री बर्फात अडकली, गाणी म्हणायला आलेला एक बँड पण त्यातच. आईला ही गोष्ट एवढी आवडली की तिनं विचारलं, मग खायला काय होतं, झोपले कुठं, बायकांची सोय काय. बाबा म्हणाले गाद्या टाकल्या की जमिनीवर, पबच आहे, म्हणजे घरच. पब हा शब्दच मुळात पब्लिक हाऊसचा, खालच्या मजल्यावर गाव बसतं आणि बऱ्याच ठिकाणी मालक वरच्या मजल्यावर राहतो. या पबची मालकीणबाई पण वरच राहायची, तिचा नातू मध्येच पायजम्यावर खाली येऊन दूध घेऊन गेला.

अशी गावातली पबं बंद पडतायत पण भरपूर. भाडं, वीज, लोक घरीच पितात. काही गावांनी मग वर्गणी काढून पबच विकत घेतला, कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी 2003 मध्ये ओल्ड क्राउन असाच सहकारी केला. हे मी सांगितल्यावर सातारा जिल्ह्यात सहकार म्हणजे काय हे अप्पांनी त्या बाबांना वीस मिनिटं समजावलं, साखर कारखान्यापासून. त्यात मला भाषांतर करताना घाम फुटला.

निघताना फोटो काढला. शेकोटीपाशी अप्पा, बाजूला आई, पायाशी कुत्रा. अप्पांनी फोनवर फोटो बघितला आणि बोट ठेवलं, मागं बारचे हातपंप दिसत होते आणि कोपऱ्यात नवऱ्याचा अर्धा ग्लास. "एवढं काप." कापलं.

तो फोटो आता कोरेगावच्या घरात लावलाय, पंढरपूरच्या फोटोखाली. येणारे-जाणारे विचारतात हा कुठला. परवा शेजारच्या काकूंनी व्हिडिओ कॉलवर मलाच विचारलं, "तुमच्या ओळखीतल्या कुठल्या साहेबाचं घर गं ते? लई प्रेमळ माणसं दिसत्यात, कुत्रं सुद्धा." मागून अप्पांचा आवाज आला, "व्हय व्हय, मेंढरं हायती त्यांची."