तुम्ही विचारलंत म्हणून: जिओकॅशिंगला गॅस किती जातो?

कुणीतरी झाडाच्या ढोलीत, पुलाच्या कठड्यामागे नाहीतर दिव्याच्या खांबाच्या बुडाशी डबी लपवायची (तिलाच 'कॅश' म्हणतात), तिचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या साइटवर टाकायचे. बाकीच्यांनी फोनवरच्या जीपीएसने ती शोधायची, आतल्या कागदावर सही करायची आणि डबी होती तिथेच परत ठेवायची. जिओकॅशिंग एवढंच. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना हे सांगून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "खेळ फुकट आहे हे कळलं, पण गॅसला किती जातात?" (गॅस म्हणजे गाडीचं पेट्रोल.)

मैलाला १३ सेंट. गाडी गॅलनला २५ मैल देते आणि गॅलनचा भाव ३.२५ डॉलर आहे, असं धरून. तुमच्या पंपावरचा भाव तुमच्या गाडीच्या मायलेजने भागा, तुमचा आकडा मिळेल. हायब्रिड ५० मैल देत असेल तर साडेसहा सेंट. इथवर गणित सोपं आहे. आपण मैल मोजतो ते चुकीचे, खरी गोची तिथे आहे.

ॲप "४ मैल" दाखवतं ते कावळ्याच्या उड्डाणाचं, म्हणजे सरळ रेषेतलं अंतर असतं. मध्ये रॅरिटन नदी, रेल्वेचा रूळ किंवा टर्नपाइक (टोलचा महामार्ग) आला की चाराचे सात-आठ होतात. त्यात जर्सीचे रस्ते. रूट १ किंवा रूट २२ वर मध्ये दुभाजक, डावीकडे वळायचं तर बऱ्याच ठिकाणी आधी उजवीकडून जगहँडलमध्ये, म्हणजे बाजूच्या वळणरस्त्यात शिरून वळसा घालायचा. कॅश समोरच्या बाजूच्या पार्किंग लॉटमध्ये दिसतेय आणि तुम्ही या बाजूने ५० च्या वेगाने पुढे गेलात, की एका डबीपायी दीड-दोन मैल वाढलेच. म्हणून अशा रस्त्यांवरच्या कॅश दोन याद्यांत वाटाव्यात: जाताना उजव्या हाताला येणाऱ्या एका यादीत, परतताना उजव्या हाताला येणाऱ्या दुसऱ्या यादीत. प्रीमियम सभासद असाल तर साइटवर रस्त्यालगतच्या कॅश काढून देणारी सोय आहे, पण ती दोन्ही बाजूंच्या एकत्र देते. बाजू नकाशा मोठा करून तुम्हालाच बघावी लागते.

गॅसचा सगळ्यात मूर्ख खर्च मात्र आकडे टाकण्यातल्या चुकीने होतो. साइटवर अक्षांश अंश आणि दशांश मिनिटांत असतात. समजा अक्षांश ४० अंश ३१.५०० मिनिटं उत्तर. म्हणजे ३१ मिनिटं ३० सेकंद, कारण अर्धं मिनिट म्हणजे ३० सेकंद. गाडीतल्या नेव्हिगेशनला सेकंद हवे असतील आणि तुम्ही ५० टाकलेत, तर २० सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे सुमारे ६०० मीटर. चुकीच्या गल्लीत शिराल, फार काही बिघडणार नाही. पण तेच आकडे ४०.३१५ असे नुसत्या अंशांत टाकलेत तर? बरोबर रूपांतर ४०.५२५ आहे, कारण मिनिटांना ६० ने भागायचं असतं. फरक ०.२१ अंशाचा, अक्षांशाचा एक अंश सुमारे ६९ मैल, म्हणजे तुम्ही दक्षिणेला साडेचौदा मैल भलतीकडे. रेखांशाचीही तीच गत झालेली असते, ती वेगळीच. जाऊन-येऊन तीसेक मैल, चार डॉलर आणि घरच्यांची बोलणी. उपाय साधा आहे: आकडे हाताने टाकूच नका, ॲपमधून थेट नकाशाच्या ॲपला पाठवा.

आणि शक्यतो कॅशचा नाही, पार्किंगचा बिंदू पाठवा. साइटवर कॅशच्या बऱ्याच पानांवर लपवणाऱ्याने पार्किंगची जागा वेगळी दिलेली असते. ती न बघता थेट कॅशचा बिंदू दिला की नेव्हिगेशन तुम्हाला सगळ्यात जवळच्या रस्त्यावर नेतं, मग तो कुंपणापलीकडे का असेना. दक्षिण जर्सीच्या पाइन बॅरन्सच्या जंगलात तर ते वाळूच्या वाटेवर घालतं. व्हार्टन स्टेट फॉरेस्टमधल्या त्या वाटांवरची वाळू पिठासारखी मऊ असते. सेडान रुतली की टो ट्रकच्या बिलापुढे गॅसचा हिशोब विसरायचा.

आता न सापडणाऱ्या कॅशबद्दल. १८ मैलांवर एकच नवी कॅश आली आणि पहिला मान आपला म्हणून तुम्ही धावलात, तर ३६ मैल, म्हणजे ४ डॉलर ६८ सेंट. सापडली तरी तेवढेच, नाही सापडली तरी तेवढेच. त्यामुळे निघण्याआधी कॅशच्या पानावरच्या, शोधणाऱ्यांच्या शेवटच्या चार-पाच नोंदी वाचायच्याच. लागोपाठ दोघा-तिघा जुन्या खेळाडूंना मिळाली नसेल तर डबी गेलेली असण्याचीच शक्यता जास्त. ती यादीतून काढा. कोडं घातलेली कॅश असेल तर उत्तर घरी काढून, पडताळून मगच निघायचं. तिचे नकाशावरचे आकडे खोटे असतात, खरी जागा साधारण दोनेक मैलांच्या आत कुठेतरी असते, "जवळ जाऊन बघू" म्हणून काही हाती लागत नाही. अनेक टप्प्यांच्या कॅशमध्ये टप्पे किती आणि त्यांतले गाडीने करायचे किती, हे वर्णनात शोधा. लिहिलेलं नसेल तर ती कॅश वेगळ्या दिवसासाठी ठेवा.

शनिवारचा बेत आखताना आधी सगळ्यात लांबच्या पार्कात सरळ जायचं आणि वाटेतल्या कॅश परतताना करायच्या. अंधार पडला, पोरं कंटाळली, तर उरलेल्या सोडून देता येतात आणि तुम्ही घराच्या जवळ असता. उलट केलंत की संध्याकाळी पाचला तुम्ही ४० मैलांवर आणि चांगल्या कॅश अजून बाकी. अशा दिवसाचा ढोबळ हिशोब: जाऊन-येऊन ८० मैल, मधली वळणं ३० मैल, एकूण ११० मैल, १४ डॉलर ३० सेंट. एकाच पार्कातल्या कॅशसाठी गाडी हलवू नका. अर्ध्या मैलाच्या आत असेल तर चाला, नाहीतर हा उद्योग करायचा कशाला?

थांबण्याच्या सवयींचंही थोडं. एकजण झुडपात शोधतोय आणि बाकीचे एसी लावून गाडीत, हे दृश्य नेहमीचं. नुसतं इंजिन चालू ठेवलं तर तासाला पाव ते अर्धा गॅलन जातो. पुन्हा स्टार्ट करायला साधारण दहा सेकंद इंजिन चालू ठेवण्याइतकाच गॅस लागतो. तेव्हा बंद करा. छपरावरची पेटी कॅम्पिंग संपल्यावर काढून ठेवा, हायवेवर ती मायलेज चांगलंच खाते. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

काहीजण खर्च "कॅशमागे" काढतात. मला तो आकडा फसवा वाटतो. नेवाडातल्या ई. टी. हायवेवर रस्त्याच्या कडेने कॅशची रांगच आहे. दोन कॅशमध्ये किमान ०.१ मैल अंतर हवं असा नियम असल्यामुळे १०० मैलांत हजार बसतात. सारखं थांबून-निघून मायलेज १५ वर आलं तरी गॅस २२ डॉलरचा, कॅशमागे दोन सेंट. आकडा झकास, पण दिवसभर गाडीचं दार उघडा, डबी उचला, सही करा, दार लावा. (जाणारच असाल तर टाकी आधी भरा.) त्यापेक्षा गाडीबाहेर घालवलेल्या तासांनी भागा. वरच्या शनिवारी पाच तास पायी फिरलात तर तासाला २ डॉलर ८६ सेंट.

गॅस म्हणजे गाडीचा सगळा खर्च नव्हे, हेही सांगायला हवं. कामासाठी गाडी वापरणाऱ्यांना आयआरएसने (अमेरिकेच्या आयकर खात्याने) २०२५ साठी मैलाला ७० सेंट दर दिला होता. त्यात घसारा, टायर, विमा, दुरुस्ती सगळं येतं. आपले १३ सेंट त्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. म्हणून चौघं एका गाडीतून जाताना गॅस आणि टोल गाडी आणणारा सोडून तिघांनी वाटून घ्यावा. त्याची गाडी झिजते आहेच.

डिसेंबरात पुण्या-मुंबईला गेल्यावर काय, हेही विचारलं जातं. तिथे कॅश विरळ आहेत आणि पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, त्यामुळे खास कॅशसाठी गाडी काढणं परवडत नाही. पण बाहेरगावी जायला भाड्याची गाडी ठरवता तेव्हा दिवसाला २५०-३०० किलोमीटरची किमान आकारणी बहुधा असतेच. देवदर्शनाला २०० किलोमीटर होणार असतील, तर उरलेल्या किलोमीटरांत बसणारी वाटेवरची कॅश आदल्या रात्री शोधून ठेवा. ड्रायव्हरदादांना मात्र थांबा कुठे आणि किती वेळ ते निघतानाच सांगा, ऐन घाटात "जरा बाजूला घ्या" म्हणू नका.