चौथा स्टँड आणि भातुकलीतला पोळपाट

जुन्या प्लेटा पितळी कँडलस्टँडवर चिकटवून मी फराळ मांडायचे उंच स्टँड करते. त्यातला चौथा सुटला. गेल्या वेळी ज्याचे फोटो टाकून मी मिरवले होते तोच. निळ्या काठाची बेंगाल पॉटरीजची क्वार्टर प्लेट आणि पुण्याच्या जुन्या बाजारातला पितळी कँडलस्टँड. सासूबाईंनी तो गीझरच्या पाण्याखाली धरला आणि प्लेट त्यांच्या हातात, खांब सिंकमध्ये. प्लेट वाचली ती त्यांच्या पकडीमुळे. "चिकटवलेलं भांडं कधी टिकतं का गं?" एवढंच म्हणाल्या.

सांधा पाहिला तर इपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा गोंद) सगळं प्लेटला, पितळेवर टिपूसही नाही. चूक माझीच. चिंचेनं घासून आरशासारखा चकचकीत केला आणि मग चिकटवला. ते पकडणार कशाला? 80 नंबरच्या पॉलिश पेपरनं खरवडला, ॲसिटोननं पुसला, जोडून 24 तास हात लावला नाही. चार दिवसांनी गरम पाण्याखाली पुन्हा तेच!

आता वाटतं, हे होणारच होतं. साधं इपॉक्सी 60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, आणि तापल्यावर पितळ चिनी मातीच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावतं. त्यात मेणबत्तीच्या वाटीची कड जेमतेम 3 सेंमीची, मध्ये भोक. चिकटायला जागाच किती?

मग प्लेटला भोक पाडून बोल्टनं जोडायचं डोक्यात शिरलं. बोहरी आळीतून ड्रिलला लावायचा 6 मिमीचा डायमंड बिट आणला आणि सरावासाठी घेतली ओपल ग्लासची (दुधी काचेची) प्लेट. ती टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली असते, तिला भोक पाडायचं नसतं, हे मला माहीत होतं. हो, माहीत होतं. फट्कन आवाज आला आणि बाल्कनीभर चुरा. गॉगल होता म्हणून आज हे लिहितेय. नंतर टवका उडालेल्या चिनी मातीच्या बशीवर मात्र जमलं: परातीत पाणी, बिट आधी तिरका, स्पीड कमी, वीस मिनिटं. इतकं देखणं भोक पडलं की मी ते खिडकीशी धरून उगाच दोनदा पाहिलं. पण बोल्ट लावल्यावर करंज्यांच्या मधोमध पंख्याचं फिटिंग बसवल्यासारखं दिसायला लागलं. नको. आणि निळ्या प्लेटला भोक पाडायला माझा हात धजेना.

परवा माळा आवरताना लेकीची भातुकली निघाली. सावंतवाडीची, लाकडी. त्यातला पोळपाट सहज निळ्या प्लेटच्या बुडाशी धरला आणि बुडाच्या गोल कड्याच्या आत अलगद बसला! 8 सेंमी व्यास. कुठे 3 सेंमीची कड आणि कुठे ही अख्खी चकती. (लेकीची परवानगी काढली. बदल्यात काय कबूल केलंय ते विचारू नका.)

पोळपाटाचे पाय कापले, वरचा रंग घासून कोरं लाकूड काढलं आणि प्लेटला न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणाऱ्या) सिलिकॉननं जोडला. ते रबरासारखं राहतं, त्यामुळे बुडाचा किंचित फुगवटाही सांभाळून घेतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन घेऊ नका, पितळेजवळ ते डाग पाडतं. मध्य काढायला कडं आणि पोळपाट यांच्यात तीन बाजूंनी काड्यापेटीच्या काड्या खोचल्या, वर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला. पोळपाटाखाली स्क्रू आणि फेविकॉल लावून जुन्या लाटण्याचा तुकडा बसवला. तो मेणबत्तीच्या वाटीत जाणार, वाटीत थोडं इपॉक्सी घालायचं, असा बेत होता.

इपॉक्सी कालवायला घेतलं आणि थांबले. चिकटवायचंच कशाला? वाटी मुळात मेणबत्ती घट्ट धरायलाच केलेली असते. लाटण्याला फेल्टची पट्टी गुंडाळली, दाबून बसवलं. हलत नाही, डुगडुगत नाही, आणि धुवायच्या वेळी प्लेट उचलून वेगळी! कपाटातही खांब आडवे, प्लेट एकावर एक. काल दोन डझन चकल्या ठेवून डायनिंग टेबलाभोवती तीन फेऱ्या मारल्या. सासूबाईंनी प्लेट स्वतःहून उचलून गरम पाण्यानं धुतली. बोलल्या काही नाहीत. पोळपाट भिजू देऊ नका, हे मी मागून ओरडून सांगितलं.

म्हणजे आधीचे तिन्ही स्टँडही आता उकलायचे. दोन प्लेटांच्या दुमजली स्टँडचं मात्र कोडं आहेच, कारण वरच्या खांबाचं बूड खालच्या प्लेटच्या खाण्याच्या बाजूवर येतं आणि तिथे मला कसलाच गोंद नको. जुन्या प्लेटांच्या नक्षीवरच्या रंगात शिसं असू शकतं म्हणून मी तशीही कागदी जाळी अंथरतेच. तिच्याखाली रबरी चकती ठेवून खांब नुसता उभा करता येईल का? बूड जड हवं.

बुधवारी जुन्या बाजारात पिशवीत लाटणं घेऊन जाणार आहे, वाट्या मापून बघायला.