चांदीची सुरंगी आणि विरलेला दोरा

लग्न मे महिन्यातलं आणि नवरीला अंबाड्यात सुरंगीच्या कळ्यांची वेणी हवी. खरी सुरंगी तोवर संपलेली असते, म्हणून चाळीस कळ्या चांदीत घडवल्या. लग्नाला चार दिवस उरले असताना नवरीची आई डबी घेऊन दुकानात हजर. "ह्यो दोरो कसो काय तुटलो? अजून घालूक पण नाय!"

सुती दोरा पिवळा पडून जागोजागी विरला होता. पाच कळ्यांच्या देठाशी निळसर हिरवे ठिपके. शेजारच्याने निदान केलं, "खारी हवा." मालवणात छत्री मोडली तरी खारी हवाच! पण हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. निळं-हिरवं येतं ते तांब्याचं. ९२.५ टक्क्यांच्या चांदीत उरलेले ७.५ टक्के बहुतेक तांबंच असतं. सूत करपलंय म्हटल्यावर संशय एकच, तेजाब, म्हणजे घडवलेला माल साफ करायचं आम्ल.

८ मिलिमीटरची कळी भरीव ओतली तर पावणेतीन ग्रॅम भरते. चाळीस म्हणजे शंभरच्या वर, अंबाडाच सुटेल. (पोकळ दिली की गिऱ्हाईक विचारतं, "इतकी हलकी?") म्हणून ०.३ मिलिमीटरचा पत्रा, ११ मिलिमीटरच्या चकत्या, तापवून मऊ करायच्या, खळग्यात ठोकून वाट्या करायच्या आणि दोन-दोन वाट्या टाकणखार लावून डाकाने, म्हणजे सांध्यात वितळवलेल्या धातूने, जोडायच्या. वर ०.४ मिलिमीटर तारेचे बारा केसर, प्रत्येकाचं टोक वितळवून गोळी केलेली. देठाशी एक भोक ठेवावंच लागतं, नाहीतर आतली तापलेली हवा सांधा फोडते. ते दिसू नये म्हणून अर्ध्या मिलिमीटरचं ठेवलं होतं.

कारागिरांची जुनी खोड अशी की डाक लागला की माल गरम असतानाच तेजाबात टाकायचा. काळपट थर लवकर निघतो, हे खरं. पण पोकळ कळीतली हवा गार होताना आकसते आणि भोकातून तेजाब आत ओढते. वरून कितीही धुवा, ते बाहेर येत नाही. मग डबीत सावकाश पाझरतं, पाणी उडून जातं, तेजाब घट्ट होतं आणि दोरा खातं.

सगळ्या कळ्या काट्यावर घातल्या. चांगली कळी ०.७५ ग्रॅमच्या आसपास. अकरा कळ्या ०.८५ च्या पुढे. म्हणजे ठिपके पाचांवर, तेजाब अकरांत. एक कळी दिव्याजवळ धरली तर भोकाशी थेंब फुगून आला. त्यावर खायच्या सोड्याची चिमूट टाकताच फसफसला.

भोकं १ मिलिमीटरची केली, कळ्या सोड्याच्या पाण्यात उकळल्या, साध्या पाण्यात दोनदा, मग वाळवून पुन्हा काट्यावर. तीन कळ्यांना हे सगळं दुसऱ्यांदा करावं लागलं. नव्या रेशमी दोऱ्यात ओवून वेणी आदल्या संध्याकाळी गेली.

दिवाळीत विकलेल्या पोकळ चाफेकळ्यांच्या कानातल्यांनाही भोक अर्ध्या मिलिमीटरचंच आहे. ती कुणाकडे गेली ते शोधायला वही काढली, तर तिच्यात नुसती वजनं लिहिलेली.