एकच स्टेट फाइल, दोन फोल्डर
आज टीमचा बराच वेळ टेराफॉर्मच्या (सर्व्हर, नेटवर्क वगैरे कोडमधून उभं करणारं साधन) रिमोट स्टेटवर, म्हणजे काय काय उभं केलंय याच्या सामायिक जागी ठेवलेल्या नोंदीवर गेला आणि तो सत्कारणी लागला असं मनापासून वाटतं. एका नव्या प्रोजेक्टचं फोल्डर जुन्यावरून कॉपी झालं होतं, पण बॅकएंडमधली (स्टेट कुठे ठेवायची ते सांगणारा भाग) की, म्हणजे स्टेट फाइलचा पत्ता, तीच राहिली. म्हणजे कोड दोन, स्टेट फाइल एक. अशा वेळी स्टेटमध्ये आहे पण कोडमध्ये नाही, ते सगळं टेराफॉर्म काढायला निघतं. प्लॅनमध्ये, म्हणजे होऊ घातलेल्या बदलांच्या यादीत, डिस्ट्रॉयची लांबलचक रांग दिसली आणि रिव्ह्यू करणाऱ्या सहकाऱ्याने काम तिथेच थांबवलं. प्लॅन ओळ न् ओळ वाचणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

स्टेट फाइलला लॉकिंग असूनही हे घडू शकतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. लॉक एकाच वेळी दोघांना लिहू देत नाही, एवढंच. चुकीच्या फाइलवर एकटाच लिहिणारा त्याला दिसत नाही.

टेराफॉर्मच्या बॅकएंड ब्लॉकमध्ये व्हेरिएबल चालत नाहीत, म्हणून कॉपी-पेस्ट होतं. आता की हाताने लिहायचीच नाही. पाइपलाइन (टेराफॉर्म आपोआप चालवणारी यंत्रणा) फोल्डरच्या पाथवरून ती तयार करून 'इनिट' या सुरुवातीच्या कमांडला देईल. प्रॉडक्शनच्या स्टेटची बकेट (क्लाउडमधली फाइल ठेवायची जागा) वेगळ्या अकाउंटमध्ये, लिहायची परवानगी फक्त पाइपलाइनला. व्हर्जनिंग, म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपणं, चालू आहेच. (एस-थ्री या अॅमेझॉनच्या साठवण सेवेचं स्वतःचं लॉकिंग टेराफॉर्म १.१० पासून आलंय, त्यामुळे लॉकसाठी ठेवलेलं डायनॅमोडीबी या डेटाबेसचं टेबलही काढता येईल.)

आणि हो, बॅकएंड बदलल्यावर इनिटचा 'मायग्रेट-स्टेट' पर्याय जुनी स्टेट नव्या जागी नेतो, 'रीकॉन्फिगर' जुनीकडे बघतही नाही. टीममधल्या नव्या मंडळींसोबत उद्या हे रिकाम्या प्रोजेक्टवर करून बघणार आहोत.