वॉलमार्टचा वारस आणि फवारणीचं विमान

आज सुट्टी. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायच्या होत्या, पण ढीग तसाच पडलाय. दुपारभर जॉन वॉल्टनबद्दल वाचत बसले.

वॉलमार्ट ही अमेरिकेतली दुकानांची प्रचंड साखळी सुरू करणाऱ्या सॅम वॉल्टनचा हा दुसरा मुलगा. पहिलं वॉलमार्ट उघडलं १९६२ साली, पण घरच्या धंद्यात मुलांचे हिस्से बापाने १९५३ मध्येच करून ठेवले होते. म्हणजे जॉन तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांचा! आमच्याकडे त्या वयात गल्ल्यात आठाणे असले तरी मिरवायचो.

याने कॉलेज अर्धवट सोडलं, व्हिएतनाममध्ये लष्करी वैद्यकीय मदतनीस म्हणून लढला, सिल्व्हर स्टार हे अमेरिकी सैन्याचं शौर्यपदक मिळवलं. परत आल्यावर विमानाने शेतांवर औषध फवारायचं काम! पुढे बोटीही बांधल्या. गादीवर लोळायची सोय असताना हे उद्योग कोण करतं? मला तरी जमलं नसतं.

२७ जून २००५. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात जॅक्सनजवळ चिमुकलं, हलकं विमान एकट्याने उडवलं, ते कोसळलं. वय ५८. चौकशीत काय निघालं, तर कंट्रोलच्या नळीवरची एक कडी नीट बसवलेली नव्हती. आणि ती बसवली होती त्याने स्वतःच.