नोमुराच का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी जपानी शिकवते. वर्गात बेसबॉलचा विषय निघाला की कोणीतरी विचारतंच, "मॅडम, सदाहारु ओ यांचे ८६८ होम रन आहेत, ओतानी तर सगळ्या जगाला माहीत आहे. मग तुम्ही सारखं त्या कात्सुया नोमुरांचंच का सांगता?"

विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

नोमुरा कॅचर होते, हे पहिलं कारण. आपल्याकडे क्रिकेट बघणाऱ्यांना कॅचर म्हणजे विकेटकीपर वाटतो. जागा साधारण तीच, पण काम फार वेगळं. संघातले बाकीचे आठ जण बॅटरकडे तोंड करून उभे असतात. एकटा कॅचर त्या आठांकडे तोंड करून बसतो. पुढचा चेंडू कोणता आणि कुठे, हे तो मांड्यांच्या आडोशाने बोटांच्या खुणा करून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, सुचवतो, एका सामन्यात शंभराहून जास्त वेळा. बॅटरचा पाय जरा सरकला, पिचरचा हात थकला, धावणारा बेसवरून लांब उभा राहिला, सगळं त्याच्या नजरेत यावं लागतं. मॅनेजर, म्हणजे संघ चालवणारा मुख्य प्रशिक्षक, बाकावर बसून जो विचार करतो, तो कॅचर उकिडवा बसून चेंडूगणिक करत असतो.

नोमुरांचा जन्म १९३५ चा, क्योतो प्रांतातल्या आमिनो या समुद्राकाठच्या गावातला. वडील चीनच्या युद्धात गेले ते परत आलेच नाहीत. आई आजारी, घरात ओढाताण, पोरानं पेपर टाकून हातभार लावायचा. १९५४ मध्ये चाचणी देऊन ते नानकाई हॉक्स संघात लागले. सरावात पिचरांचे चेंडू झेलायला संघाला माणसं हवी होती, म्हणून आपल्याला घेतलं, हे त्यांना मागाहून कळलं. पहिल्या वर्षी एकही हिट, म्हणजे बेसवर पोचवणारा फटका, नाही. वर्षाअखेरीस काढून टाकायची भाषा झाली, तेव्हा गयावया करून ते राहिले. आणि १९५७ मध्ये हाच मुलगा लीगमध्ये सर्वाधिक होम रन मारणारा ठरला!

हे नुसत्या ताकदीवर झालं नाही. निशितेत्सु लायन्सचा काझुहिसा इनाओ हा पिचर त्यांना आवरेना, तेव्हा त्यांनी १६ मिलिमीटर कॅमेऱ्यानं त्याचं चित्रीकरण करवून घेतलं आणि चेंडू पकडण्याच्या ढबीवरून पुढचा चेंडू कोणता येणार ते हुडकून काढलं. पन्नासच्या दशकात हे करणारा खेळाडू मला अजूनही थक्क करतो. १९६५ मध्ये सरासरी, होम रन आणि फटक्यावर संघाला मिळवून दिलेल्या धावा या तिन्हींत ते पहिले आले. युद्धानंतरच्या जपानी बेसबॉलमध्ये हे आधी कोणाला जमलं नव्हतं. तरी गर्दी आणि कॅमेरे तोक्योच्या जायंट्सकडे, म्हणजे ओ आणि नागाशिमा यांच्या संघाकडे. १९६३ मध्ये ५२ होम रन मारून त्यांनी विक्रम केला, तो पुढच्याच वर्षी ओ यांनी ५५ मारून मोडला. १९७५ मध्ये सहाशेवा होम रन मारल्यावर नोमुरांनी सांगितलं की ओ आणि नागाशिमा सूर्यफुलं असतील, तर आपण कोणी बघत नसताना रात्री उमलणारं फूल आहोत.

१९७० पासून ते खेळता खेळता नानकाईचे मॅनेजरही होते. १९७३ मध्ये हंगामाचे दोन भाग होते. पहिला भाग नानकाईनं जिंकला. दुसऱ्यात हांक्यू संघाविरुद्ध तेरा सामन्यांत बारा पराभव, एक बरोबरी. आणि अजिंक्यपदाच्या लढतीत त्याच हांक्यूला ३-२ असं हरवलं! पुढे खांदा-कोपर थकलेला युताका एनात्सु त्यांच्याकडे आला. एवढ्या मोठ्या पिचरला 'तू आता शेवटच्या डावांपुरताच ये' म्हणणं म्हणजे त्या काळी अपमानच. नोमुरांनी त्याला बेसबॉलमध्ये क्रांती करू या म्हणून पटवलं. जपानात सामना संपवणाऱ्या खास पिचरला जो मान मिळाला, त्यात या पटवण्याचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

१९७७ मध्ये खासगी आयुष्यावरून वाद होऊन नानकाईनं त्यांना काढलं. मॅनेजरपद भोगलेला माणूस मग दुसऱ्यांच्या संघांत साधा कॅचर म्हणून खेळला. १९८० मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, एका सामन्यात त्यांच्याऐवजी दुसरा बॅटर पाठवला. तो अपयशी ठरावा असं त्यांना बाकावर बसून वाटलं, तसंच झालं, आणि त्यांना बरं वाटलं. आपल्याच संघाचं वाईट चिंतलं म्हणजे आता थांबायची वेळ झाली, असं त्यांनी ठरवलं. हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं. कोणी पाहिलं नव्हतं, कोणाला कळलंही नसतं.

१९९० मध्ये याकुल्त स्वॅलोजचे मॅनेजर झाल्यावर त्यांच्या हाती आत्सुया फुरुता लागला. चष्मा लावणारा कॅचर चालत नाही, असं तेव्हा सगळे म्हणत. १९८७ मध्ये संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा त्याला कोणी घेतलंही नव्हतं. नोमुरा त्याला बाकावर आपल्याजवळ बसवत आणि चेंडूमागून चेंडू कानउघाडणी करत: तो का मागवलास? आधीचा कुठे पडला होता? १९९२ आणि १९९३ च्या जपान सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या अंतिम मालिकेत, समोर सेइबु लायन्स होते, आणि त्यांचे मॅनेजर मासाआकी मोरी हे जायंट्सच्या सलग नऊ विजेतेपदांमधले कॅचर. दोन्ही वर्षी मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. पहिली मोरींनी जिंकली, दुसरी नोमुरांनी. मग १९९५ आणि १९९७ मध्येही नोमुराच. बेसबॉलमध्ये डोकं काय करतं हे बघायचं असेल, तर मी मुलांना आधी १९९२-९३ च्या त्या दोन मालिका बघायला सांगते.

हानशिन टायगर्सकडे मात्र तीन वर्षं त्यांचा संघ तळाला राहिला. ऐकणारा फुरुता नसेल तर नोमुरांचं ज्ञान नुसती कटकट वाटत असणार.

२००६ मध्ये फुरुता याकुल्तचा खेळाडू-मॅनेजर झाला. जपानच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये त्याआधी ही दोन्ही कामं एकत्र केलेली शेवटची व्यक्ती १९७७ चे नोमुराच होते. नोमुरांचा सर्वाधिक, ३०१७ सामने खेळण्याचा विक्रमही २०१५ मध्ये मोडला, मोतोनोबु तानिशिगेनं. तोही कॅचर, आणि त्या वेळी चुनिची ड्रॅगन्सचा मॅनेजरसुद्धा.